अग्रशाळेतले दहा दिवस : मोठ्या मुलांचं निवासी कलाशिबिर कसं भरवावं

नववी ते बारावीच्या मुलांसाठी आम्ही दर मे महिन्यात गोव्यातल्या फोंडा तालुक्यात दहा दिवसांचं निवासी शिबिर भरवतो. चित्रकला, गायन, तालवाद्यं आणि नाटक. मुलं चोवीस, मोठी माणसं आठ. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहे. असं शिबिर आपल्या गावात भरवायचं म्हणणारे आधी माझ्याकडे वेळापत्रक मागतात. माझं सांगणं असं की वेळापत्रक सगळ्यात शेवटी करा. आधी रात्र आखा, मग दुपार. उरलेल्या वेळात वर्ग बसवा.

हे मी पहिल्या वर्षी शिकले. तेव्हा सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत वर्गच वर्ग ठेवले होते. चौथ्या दिवशी दुपारी एक मुलगी ब्रश हातात धरूनच भिंतीला टेकून झोपी गेली. मी संध्याकाळचे सगळे वर्ग रद्द केले. मुलं ओसरीवर जाऊन बसली. थोड्या वेळानं गाणाऱ्यांपैकी एकीनं भूप राग आळवायला घेतला आणि चित्रकलेचा एक मुलगा आलाप घेताना फिरणारा तिचा हात रेखाटू लागला. त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. एका पानावर त्यानं तो हात अकरा वेळा काढला होता. माझ्या वर्गात त्यानं कधी एकच गोष्ट दुसऱ्यांदा काढली नव्हती. तेव्हापासून दुपारी १ ते ४ आणि रात्री ८ नंतर आम्ही काहीही ठेवत नाही. या मोकळ्या वेळासाठीच मुलांना राहायला बोलवायचं. नुसते वर्ग घ्यायचे असतील तर रोज घरून येऊनही चालतं.

जागा. गोव्यात देवळांच्या आवारात अग्रशाळा असतात. बाहेरगावचे महाजन, म्हणजे देवळाचे परंपरागत मानकरी, आणि भाविक तिथे उतरतात. आमचं शिबिर अशाच एका अग्रशाळेत होतं. मे महिन्यात लग्नं, मुंजी असतात म्हणून देवस्थान समितीला दिवाळीच्या सुमारासच पत्र द्या आणि लेखी होकार घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका. एका संस्थेनं आम्हाला जेवणखर्चाचा शब्द दिला होता आणि शिबिराच्या आठवडाभर आधी हात वर केले. कागद नसल्यामुळे आम्हाला काही बोलता आलं नाही.

जागा बघायला जाताना सोबत एक तबलावाला आणि एक गाणारी घेऊन जा. एकाला एका खोलीत बसवा, दुसरीला शेजारच्या. तबल्याच्या आवाजात तिला स्वतःचा षड्ज, म्हणजे सा, ऐकू येत नसेल तर त्या दोन खोल्या दोन वर्गांच्या कामाच्या नाहीत. मुलींसाठी तीन आणि मुलांसाठी तीन संडास तरी हवेत. मुलींच्या खोल्यांकडे जाणाऱ्या वाटेला रात्री आतून कडी घालता आली पाहिजे. वळवाच्या पावसात वीज जाते, तेव्हा प्रत्येक खोलीत चार्ज केलेला दिवा ठेवा. आणि अग्रशाळा घेतलीत तर आवारात मांसमासळी चालणार नाही, कपड्यांचे नियम असतील, हे पालकांना प्रवेशाआधी सांगा. आमच्याकडे ख्रिस्ती मुलंही येतात. रविवारी त्यांना मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, नेऊन आणायची जबाबदारी एका शिक्षकाकडे असते, आणि तीही आधीच ठरवलेली असते.

निवड करताना प्रमाणपत्रांची फाइल बाजूला ठेवा. मुलांना अर्धा दिवस बोलवा. चित्रकलेच्या मुलांना मी घरातून स्वयंपाकघरातली एक वस्तू आणायला सांगते. खवणी, अडकित्ता, काहीही. चाळीस मिनिटं काढून झालं की वस्तू फिरवते आणि म्हणते, आता या बाजूनं. काही मुलं पहिल्याच चित्रात रेघा सुधारत बसतात. काही नवा कागद घेतात. नवा कागद घेणाऱ्याचं नाव मी लिहून ठेवते, मग त्याचं पहिलं चित्र कच्चं असलं तरी हरकत नाही. गायनाच्या ताई कुणालाच न येणाऱ्या एखाद्या ओवीची चाल शिकवतात, एक जागा मुद्दाम बदलून दाखवतात आणि बघतात, की बदललेलं कुणाच्या कानानं टिपलं. तयार बंदिश म्हणायला त्या सांगतच नाहीत.

सुरक्षेचं नीट वाचा. यातली सगळी मुलं अठराच्या आतली, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा २०१२चा पॉक्सो कायदा त्यांना लागू. मुलावर असा अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं हे कायद्यानं बंधन आहे; आपसात मिटवण्याचा प्रश्नच येत नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे आकडे आम्ही प्रत्येक खोलीच्या दारावर आतून लावतो. आपल्याकडे गाणं एकट्याला समोर बसवून शिकवतात, म्हणून नियम असा : दार उघडं आणि बैठक दारातून दिसेल अशी. पाहुणा कलाकार कितीही मोठा असो, त्यालाही हाच नियम, आणि तो त्याला बोलावतानाच फोनवर सांगायचा. मुलींकडे रात्री दोन बायका निजतात, मुलांकडे दोन पुरुष. मोबाइल संध्याकाळी सात ते आठ मुलांच्या हातात, एरवी कपाटात. तिसऱ्या रात्री कुणीतरी रडतंच. त्या मुलाला लगेच घरी फोन जोडून देऊ नका आणि रागावूही नका. त्याला स्वयंपाकघरात न्या, नारळ खवायला बसवा, शेजारी बसा. सकाळीही घरी जायचंच म्हणालं तर मात्र न वाद घालता पालकांना बोलवा.

जेवणाचं थोडक्यात. सकाळी पाव-भाजी, साडेदहाला उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं, दुपारी भात-आमटी, एक दिवस खतखतं, म्हणजे बऱ्याच भाज्यांची मिसळीची भाजी. पेज चुकवू नका. मेच्या उकाड्यात पेजेवरच मुलं दुपारपर्यंत तग धरतात. माणशी तीन लिटर पिण्याचं पाणी धरलं तर बत्तीस जणांना दिवसाला विसाचे पाच कॅन लागतात.

आता शिकवायचं काय, ते. शहरातल्या वर्गांत मिळतं तेच इथे द्यायचं असेल तर मुलांना गावात आणायचं कशाला? आम्ही तीन गोष्टी धरून ठेवल्या आहेत.

पहिली कावी. मोरजीच्या मोरजाईच्या देवळासारख्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या रंगातली जी चित्रं दिसतात, ती कावी. काव म्हणजे तांबडी माती. भिंतीला चुन्याचा गिलावा करायचा, त्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार हत्यारानं तांबडं खरवडून आतलं पांढरं उघडं करायचं. मुलांसाठी भिंतीऐवजी मंगलोरी कौलाची पाठ घ्या. कौल रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ते गिलाव्यातलं पाणी शोषून घेतं आणि थर सुटतो. कळीचा चुना मुलांसमोर कधीही विरवू नका. पाणी पडताच तो उकळतो आणि अंगावर उडतो. दोन-तीन आठवडे आधी मोठ्या माणसांनी विरवून पाण्याखाली झाकून ठेवावा. कालवताना हातमोजे आणि चष्मा सगळ्यांना, शिक्षकांनाही. खरवडायला कंपासचं टोक चालतं. तांबड्या थरावर बोट टेकवून बघा : डाग लागतो पण थर उचलला जात नाही, तेव्हा सुरू करा. मेच्या हवेत हाताशी फार वेळ नसतो, म्हणून चित्र आदल्या दिवशी कागदावर पक्कं झालेलं हवं. कावीत खोडता येत नाही. चुकलेली रेघ पुढच्या नक्षीत कशी सामावून घ्यायची, ते मुलं तिथे आपणहून शिकतात.

दुसरी घुमट. मातीचं भांडं, दोन्ही तोंडं उघडी. मोठ्या तोंडावर कातडं आणि लहान तोंड डाव्या तळव्यानं उघडझाक करून नाद बदलायचा. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. २०१९मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कांसाळं (झांजा) सोबतीला घेऊन सुवारी, म्हणजे घुमटाचं समूहवादन, बसवा. तबला शिकलेल्या मुलांना आधी हे सोपं वाटतं. मग डावा तळवा लयीत येईना, की ती गप्प होऊन ऐकू लागतात.

तिसरी कुर्डी. शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म १९०४चा, सांगे तालुक्यातल्या याच गावातला. साळावली धरणात गाव बुडालं. दर मे महिन्यात पाणी ओसरलं की त्याची जोती, पायवाटा वर येतात, सोमेश्वराचं छोटं देऊळ दिसतं आणि गाव सोडून गेलेले लोक तिथे जमतात. पाणी किती उतरलंय ते तिकडच्या माणसांना विचारूनच बस ठरवा. पहाटे निघा, दहाच्या आत परत फिरा. तिथे सावली नाही, जमीन तापते.

पहिल्या वेळी मी मुलांना पडक्या भिंती काढायला लावल्या. सगळ्यांची चित्रं एकसारखी आली. आता आधी परवानगी घेऊन गावच्या एखाद्या वयस्कर माणसाला बोलतं करतो. मुलं कागद मिटून ऐकतात. एखादी आजी बोटानं मोकळ्या जागेकडे दाखवत सांगते, इथे आमचं तुळशीवृंदावन, तिथे फणस, त्यापलीकडे विहीर. मग ती सांगते ते घर मुलांनी काढायचं, समोर दिसतं ते नाही. चित्र झालं की आजीला दाखवायचं. ती म्हणते, "फणस एवढा लांब नव्हता रे." मग तो मुलगा पुन्हा काढतो. मी सांगितलं म्हणून कुणी इतक्या मनापासून दुरुस्ती केलेली मला आठवत नाही. निघण्याआधी मोगूबाईंचं एखादं ध्वनिमुद्रण लावतो. गाणारी मुलं ऐकतात आणि परतीच्या बसमध्ये बराच वेळ कुणी बोलत नाही.

कलाकारांना मानधन द्या, आणि ते त्याच दिवशी पाकिटात द्या. गावचा घुमटवाला आणि शहरातले प्राध्यापक यांची रक्कम आम्ही एकच ठेवली आहे.

शेवटच्या दिवशी पालकांना बोलवा, पण रंगमंच, झगमगीत पोशाख असलं काही करू नका. त्याच्या तालमीत शेवटचे तीन दिवस जातात. आमच्याकडे पालक सकाळी नऊला येतात, खोल्याखोल्यांतून फिरतात, अर्धवट कामं बघतात आणि मुलांना विचारतात. एका बापानं मुलाला कौलावरच्या एका रेघेबद्दल विचारलं आणि दोघं तिथेच जमिनीवर बसून बोलत राहिले. जेवणाची पानं मांडून झाली तरी उठले नाहीत.

कावीची कौलं त्या दिवशी घरी देऊ नका. चुना सावकाश धरतो. सावलीत ठेवा आणि पहिले काही दिवस वर पाणी शिंपडत राहा. जूनच्या अखेरचा एक रविवार आधीच ठरवून मुलांच्या वहीत लिहून द्या. त्या दिवशी ती भर पावसात कौल न्यायला येतात, ओसरीवर ओल्या छत्र्या पसरतात आणि दुपारपर्यंत थांबतात.