पहिला सिफर सोडवताना

सिफर म्हणजे अक्षरं बदलून लिहिलेला गुप्त संदेश. तो सोडवायला पेन नको, पेन्सिल घ्या, खोडावं लागतंच. मी गणिताची चौकटींची वही वापरते: एका घरात एक अक्षर, खाली दोन ओळी रिकाम्या.

मजकूर इंग्रजी असेल तर आधी प्रत्येक अक्षर किती वेळा आलंय ते मोजा. सर्वांत जास्त आलेलं बहुधा 'ई'. तीन अक्षरांचा एकच शब्द सारखा दिसला, तर तिथे 'द' बसवून बघा. टी, एच, ई एकदम हाती लागतात. तो क्षण मला अजूनही फार आवडतो.

सगळी अक्षरं जवळपास सारखीच आली, तर विजनेरचा संशय घ्या: या सिफरमध्ये एक गुप्त शब्द, म्हणजे किल्ली, पुन्हापुन्हा वापरून प्रत्येक अक्षर वेगवेगळ्या घरांनी पुढे सरकवतात. पुन्हा येणारे तुकडे शोधा, त्यांच्यातली अंतरं मोजा. १२, १८, ३० निघाली तर किल्ली बहुधा ६ अक्षरांची.

अडलात की अर्धवट वही दुसऱ्याला दाखवा. झोडियाक या अमेरिकेतल्या कधीच न सापडलेल्या खुन्याचा १९६९चा ३४० चिन्हांचा संदेश २०२०मध्ये सुटला, तो अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियममधल्या तिघांनी मिळून.