घरच्या वीज-मॉनिटरचा सीटी सेन्सर कॅलिब्रेट कसा करावा

इथे एससीटी-013-000 हा 100 अँपिअरचा क्लिपवाला सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे वायरीभोवती बसून तिच्यातला करंट मोजणारा सेन्सर) धरला आहे. त्याचं गुणोत्तर 2000:1, म्हणजे 100 अँपिअरला 50 मिलिअँपिअर. त्यावर 33 ओहमचा बर्डन रेझिस्टर, म्हणजे सीटीच्या करंटचं व्होल्टेज करणारा रोध (5 व्होल्टच्या आर्डुइनो बोर्डासाठी, 3.3 व्होल्टच्या बोर्डाला 22 ओहम). तो 1 टक्क्याचा मेटल फिल्म घ्या. सुरुवातीचा गुणक (सेन्सरच्या वाचनाचे अँपिअर करणारा कोडमधला आकडा) मोजायच्या आधीच ठरतो: 2000 ÷ 33 = 60.6. कॅलिब्रेशनने तो थोडा इकडेतिकडे होतो, एवढंच. दुप्पट किंवा निम्मा निघाला तर गुणक बदलू नका, बर्डन तपासा.

लोड शुद्ध रोधाचा हवा. इस्त्री नको, थर्मोस्टॅट मध्येच तोडतो. 1500 वॅटचा पाणी तापवायचा रॉड उत्तम. बादलीत खुणेपर्यंत बुडवूनच बटण दाबा, चालू असताना पाण्यात हात घालू नका.

1.5 चौरस मिमी तांब्याच्या वायरची, 16 अँपिअर प्लगची एक्स्टेन्शन बनवा. मधली वीतभर बाहेरची साल काढून आतल्या तीन वायरी मोकळ्या करा. त्यांच्या इन्सुलेशनला ओरखडाही नको. सीटी फक्त फेजच्या वायरीवर. फेज-न्यूट्रल दोन्ही आत गेल्या की चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि वाचन शून्य. नवशिक्यांची निम्मी तक्रार इथेच मिटते.

आता युक्ती. सहा-साडेसहा अँपिअर हे 100 च्या सेन्सरला फारच कमी. म्हणून मोकळी फेज वायर जरा लांब ठेवून सीटीतून पाच वेळा ओवा. सेन्सरला पाचपट करंट दिसतो. ओवून झाल्यावर जबडा पूर्ण मिटला पाहिजे, केसाएवढी फट राहिली तरी वाचन कमी येतं.

क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा चिमट्याचा मीटर) त्याच फेजच्या एकेरी वायरीवर लावा. घरी नसेल तर मोटार रिवायंडिंगवाल्याकडे असतोच. सुरुवातीची चार-पाच वाचनं सोडून द्या, फिल्टर स्थिर व्हायला वेळ घेतो. समजा क्लॅम्पवर 6.1, म्हणजे पाच वेढ्यांचे 30.5, आणि मॉनिटरवर 29.6. नवा गुणक = 60.6 × 30.5 ÷ 29.6 = 62.4.

रॉडवर 1500 वॅट छापलंय म्हणून 6.5 अँपिअर धरू नका. सांगलीजवळच्या एखाद्या गावात शेतपंप चालू असताना 215 व्होल्टच मिळत असतील तर तोच रॉड 1310 वॅटच्या आसपास घेतो. मॉनिटरने 230 गृहीत धरलं तर तो 1400 दाखवणार. व्होल्टेजही मोजा.

पडताळा महावितरणच्या मीटरवर घ्या. फ्रिजसकट बाकी सगळं बंद, फक्त रॉड. मीटरवर 3200 इम्पल्स प्रति युनिट लिहिलं असेल तर 1310 वॅटला लाल दिवा मिनिटाला 70 वेळा लुकलुकतो. सीलला हात लावायचा नाही, आणि मुख्य वायरीवर सीटी वायरमनकडूनच बसवून घ्या.

काहीही चालू नसताना 0.1-0.2 अँपिअर दिसला तर तो एडीसीचा (बोर्डातल्या व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या भागाचा) गोंगाट आहे. त्यासाठी गुणक छेडू नका; 0.3 खालचं वाचन कोडमध्ये शून्य धरा.