पोकळ मातीशिल्पाला आधार देताना

शिल्पकला शिकताना सुरुवातीला आम्ही लोखंडी आर्मेचरवर, म्हणजे सळयांच्या आतल्या सांगाड्यावर, माती चढवून व्यक्तिशिल्पे करत असू. परंतु ती माती भाजायची नसे, तिच्यावरून प्लास्टरचा साचा काढला की ती पुन्हा भिजवली जात असे. टेराकोटाकडे, म्हणजे भट्टीत भाजायच्या मातीशिल्पांकडे, वळल्यावर हीच सवय मी सोबत नेली आणि माझे पहिले पोकळ डोके चौथ्या दिवशी मानेभोवती आडवे चिरले. ओली माती वाळताना साधारण 5 ते 8 टक्के आकसते, म्हणजे 30 सेंटिमीटर उंचीचे डोके दीड ते जवळजवळ अडीच सेंटिमीटरने खाली बसते, आणि आतली सळई मात्र जागची हलत नाही. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांनी आधार किती मजबूत आहे यापेक्षा तो मातीबरोबर दबतो का आणि वेळेवर काढता येतो का, हे आधी पाहावे.

वरच्या मातीचा खरा भार खालची भिंतच पेलते. भाजलेल्या मातीचा चुरा, म्हणजे ग्रॉग, मिसळलेल्या मातीच्या दोन सेंटिमीटर जाडीच्या वळ्या रचत मी एका बैठकीत आठ-दहा सेंटिमीटरच चढतो. मग वरची कड ओल्या फडक्याने झाकून खालचा भाग घट्ट होऊ देतो. तमिळनाडूतील अय्यनार या ग्रामदेवाचे मातीचे भव्य घोडे घडवणारे कुंभारही आधी पोकळ पाय उभे करतात आणि ते भार घेण्याजोगे झाल्यावरच त्यांवर पोट चढवतात.

आतून आधारासाठी वर्तमानपत्राचे सैल बोळे चालतात. ते ठासून भरले तर दबत नाहीत आणि सळईसारखेच वागतात. मला कोरड्या वाळूची कापडी पिशवी अधिक भरवशाची वाटते. शिल्पाच्या तळाला आणि खालच्या पाटाला एकाच जागी भोक ठेवून पिशवीचे बांधलेले तोंड त्यातून खाली काढावे, आणि भिंत बोटाने दबेनाशी झाली की गाठ सोडून वाळू थोडी थोडी वाहू द्यावी. खांद्यासारख्या रुंद भागात मातीचेच आडवे-उभे पडदे घालता येतात, मात्र प्रत्येक पडद्याला भोक हवे, नाहीतर बंद कप्प्यात अडकलेली वाफ भट्टीत शिल्प फोडते.

हनुवटी किंवा पुढे आलेला हात यांखाली लाकडी टेकू लावण्याचा मोह होतो. शिल्प खाली बसते, लाकूड बसत नाही, आणि हनुवटी वर ढकलली जाऊन गळ्याशी तडा जातो. त्याऐवजी त्याच मातीचा टेकू करून मध्ये कागद घालावा. तो शिल्पासोबतच वाळतो आणि आकसतो. हा टेकू उरकून टाकायचे काम समजू नका, त्याची ओलही शिल्पाइतकीच सांभाळावी लागते.

वाळवताना तळाखाली कागदावर वाळूचा पातळ थर पसरावा, म्हणजे तळ आकसताना सरकू शकतो. कान, बोटे, नाक आधी वाळतात, म्हणून त्यांना प्लास्टिक गुंडाळून बाकीचे अंग उघडे ठेवावे. पावसाळ्यातील संथ वाळणे मला त्रासदायक वाटत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात, पंख्याखाली एका बाजूने वाळलेली शिल्पेच अधिक वाकडी झालेली मी पाहिली आहेत. शिल्प वाळले की नाही हे रंगावरून ठरवू नये. पाटासह रोज वजन करावे, आणि सलग दोन-तीन दिवस ते घटले नाही तरच शिल्प भट्टीत ठेवावे.