लेन्स विकायला काढण्याआधी: घराजवळचे पशुपक्षी टिपताना होणाऱ्या चुका

मार्च ते जून या काळात खान्देशात काढलेल्या पक्ष्यांच्या फोटोंबद्दल एकच रड ऐकू येते: 'लेन्स शार्प नाही भो.' फोटो किती वाजता काढला? साडेअकराला. कुठून? धरणाच्या भिंतीवरून. पक्षी किती लांब होता? असेल शंभरेक मीटर. मग लेन्स बिचारी काय करणार!

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. काळी जमीन आणि डांबर तर सकाळी नऊलाच तापायला लागतं. तापलेली हवा वर उठते, गार हवा तिची जागा घेते. अशा कमीजास्त तापलेल्या थरांतून येताना प्रकाश वाकतो, आणि तोही दर क्षणाला वेगळा. डांबरावर लांब पाणी चमकल्यासारखं दिसतं, त्यामागे हीच तापलेली हवा असते. ४०० किंवा ६०० मि.मी.ची लेन्स पक्षी जवळ आणते तशी ही थरथरही जवळ आणते. शटरचा वेग वाढवून ती जात नाही, हाताचा हलका धक्का सावरणाऱ्या स्टॅबिलायझेशनने जात नाही आणि दीड लाखाच्या लेन्सनेही जात नाही.

दोष नेमका कशाचा, हे फोटोतच कळतं. ठिपके एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसले तर हात हलला. पक्षी धूसर पण पुढचं किंवा मागचं गवत लख्ख, तर फोकस चुकला. कुठल्याच अंतरावरचं काही धड दिसत नाही, पिसांच्या जागी कालवलेलं पिठलं दिसतं आणि सलग दहा फ्रेममध्ये धूसरपणा दर वेळी निराळा आहे, तर ती हवा.

एका हौशी गड्याने हे न तपासता नवी १५०-६०० लेन्स दोनदा दुरुस्तीला पाठवली. हतनूर धरणाच्या काठावरून भर दुपारी बदकांचे फोटो काढायचे आणि घरी येऊन लेन्सला शिव्या द्यायच्या, हा त्याचा क्रम. दोन्ही वेळा 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी आली. तिसऱ्यांदा त्याने लेन्स निम्म्या भावात फुंकून टाकली. घेणारा डिसेंबरात सकाळी सातला त्याच काठावर पोटावर झोपला आणि चक्रवाकाच्या डोळ्यातली चमक घेऊन घरी आला. लेन्स तीच, धरण तेच.

लेन्सवर शंका असेल तर आधी घरी तपासा. सकाळच्या गारव्यात वर्तमानपत्र भिंतीला चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर पाच मीटरवर ठेवा, टायमर लावा. बारीक अक्षरं वाचता आली की विषय संपला. उन्हाळ्यात सूर्योदय ते साडेआठ, थंडीत फार तर दहापर्यंत, एवढाच वेळ आपला. अंतर पंधरा-वीस मीटरच्या आत ठेवा. तेवढं जवळ जाता येत नसेल तर पक्षी जवळ येईपर्यंत बसा. बसायला कोणालाच नको असतं, हे खरं दुखणं. गाडीतून काढत असाल तर एसी पंधरा मिनिटं आधी बंद करून काचा उघडा, नाहीतर खिडकीतून बाहेर पडणारी गार हवा लेन्सच्या तोंडाशीच तापलेल्या हवेत मिसळते. इंजिनही बंद ठेवा, त्याची थरथर दारावर टेकलेल्या लेन्सपर्यंत पोचते.

दुसरी चूक फोटोची नाही, पण चीड हिचीच जास्त येते. टिटवी नांगरलेल्या वावरात किंवा बांधाच्या खड्यांत उघड्यावर अंडी घालते, बहुतेक चार. ती उंचवट्यावर घातली की पाऊस चांगला, असं जुनी माणसं सांगतात. आता तिथे तिपाई घेऊन पोरं पोचतात. एप्रिलच्या दुपारी टिटवी अंडी उबवत नसते, ती गार ठेवत असते. अंगाची सावली धरते, मधूनच पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते. तुम्ही दहा फुटांवर उभे राहिलात की ती डोक्यावर 'टिटिव टिटिव' करत घिरट्या घालते आणि अंडी उन्हात भाजतात. 'पाचच मिनिटं थांबलो' म्हणणाऱ्याने त्या मातीवर पाच मिनिटं अनवाणी उभं राहून दाखवावं. शिवाय माणूस घुटमळला की कावळ्याला पत्ता मिळतो. टिटवी ओरडू लागली की आलात त्याच वाटेने मागे फिरा. घरट्याच्या फोटोला तसंही काही कौशल्य लागत नाही. पाखरू बांधलेलं असतं, तुम्ही मोकळे असता.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं हा त्याचाच भाऊ. सातपुड्यातला रानपिंगळा ११३ वर्षं कुणाला दिसला नव्हता, तो १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्याला आवाज लावून हैराण करणं आणि फोटोसोबत लोकेशन टाकणं, दोन्ही बंद करा. लोकेशन फोटोच्या फाइलमध्येही असतं, कॅमेरा ॲपच्या सेटिंगमध्ये ते आधीच बंद करून ठेवा.

आता म्हैस आणि बगळा. हा फोटो प्रत्येकाकडे असतो आणि बहुतेकांचा बगळा चुन्याचा गोळा झालेला असतो. चौकटीत काळी म्हैस जास्त, म्हणून कॅमेरा फोटो उजळवतो आणि पांढरी पिसं जळतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमीजास्त करायची सोय) उणे १ वर न्या, रॉमध्ये म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, म्हशीचा काळेपणा घरी थोडा उचला. जळलेलं पांढरं परत येत नाही. तारेवरचा वेडा राघू मागे उजळ आभाळ असताना काढायचा तर उलट, अधिक १ ते दीड, नाहीतर राघूची नुसती सावली मिळते.

शटरच्या बाबतीत कंजुषी नको. बसलेल्या पाखराला १/५०० सेकंद, मान हलवणाऱ्या बुलबुलाला १/१०००, उडत्या कोतवालाला १/२०००. आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील, तो आकडा) ऑटोवर सोडा, वर ३२०० ची मर्यादा घाला. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

कुत्रा, शेळी, खार यांचे फोटो उभ्याने काढू नका. त्यांच्या डोळ्याच्या उंचीला या, गुडघे मळू द्या. फोकसचा एकच बिंदू ठेवा आणि तो डोळ्यावर.

पोळ्याला बैलाच्या तोंडासमोर फ्लॅश मारू नका. झुली-घुंगरांनी तो आधीच बुजलेला असतो.

वानरांना बिस्किटं टाकून फोटो काढू नका.

केळीच्या बागेत बिबट्याचे ठसे दिसले तर ठशाचा फोटो काढा, सोबत मापाला काडेपेटी ठेवा, वनखात्याला कळवा. आत शिरू नका. पकडलेल्या नागाला फणा काढायला लावून काढलेला फोटो कुणाला दाखवू नका, नागाला असं पकडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

काळ्या मातीची धूळ काचेवर बसली की शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी हवा मारायचा रबरी फुगा, मग कापड. श्रावणात एसीच्या खोलीतून कॅमेरा काढलात तर अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं.

नव्या माणसाने पहिलं वर्ष अंगणातच काढावं. मातीचं पसरट परळ घ्या, पाणी दोन-तीन सें.मी., त्याहून खोल नको, चिमणीला भीती वाटते. फूटभर अंतरावर बाभळीची किंवा निंबाची वाळकी फांदी रोवा. पक्षी आधी फांदीवर बसतो, मग पाण्यावर उतरतो, म्हणून फोटो फांदीवरचा काढायचा. मागची भिंत किंवा झाड तीन-चार मीटर लांब असू द्या, म्हणजे ३०० मि.मी. आणि एफ ५.६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) वरही पार्श्वभूमी विरघळते. सकाळचं ऊन तुमच्या पाठीशी हवं. रोपवाटिकेतलं हिरवं शेडनेट खाटेवर टाकून मागे बसा. पहिले चार दिवस कॅमेरा न नेता नुसतं बसा, पाखरांना तो हिरवा ढीग ओळखीचा होऊ द्या. पाणी एक दिवसाआड बदला आणि परळ घासा, नाहीतर डास होतात. लेन्स टेकवायला जुन्या पॅन्टच्या पायात दोन किलो मका भरून दोन्ही टोकं शिवा, दोनशे रुपयांतही बसतं. पावसाळ्यात मात्र मका काढून ठेवा. भिजला तर आठवड्यात कोंब फुटतात.