कॅशबॅकवाल्या कंपनीचे शेअर घेण्याआधी कागद कसे पाहावेत

कापसाचा पैसा हाती आला की वणी-मारेगावकडे स्कीमवाले फिरू लागतात. मागे सागवान होते, आता मोबाइलवरची कॅशबॅक कंपनी आहे. "काका, आज शेअर घ्या, उद्या लिस्ट होणार." मी जिनिंगमध्ये मुनीम आहे, म्हणून लोक असले कागद माझ्यापुढे आणून टाकतात.

माझा पहिला प्रश्न: कंपनीला पैसा देते कोण? खरा धंदा अडतीसारखा राहते. गिऱ्हाईक अ‍ॅपच्या लिंकवरून ऑनलाइन दुकानात जाते, खरेदी करते, दुकान कंपनीला कमिशन देते आणि कंपनी त्यातला वाटा गिऱ्हाइकाला परत करते. समजा, हजाराच्या कपड्यावर ८० रुपये आले, ६० परत गेले, उरले २०. पगार, जाहिरात, सारे त्यातच. आता एजंट म्हणत असेल की गिऱ्हाइकाला २० टक्के आणि तुम्हाला महिन्याला ३ टक्के, तर पेन त्याच्या हाती द्या आणि हिशेब मांडायला लावा. मांडता मांडता तो "खाली माणसे जोडा" वर आला, की उठून या बाप्पा. माणसे जोडून पैसा फिरवायच्या स्कीमवर, म्हणजे मनी सर्क्युलेशनवर, १९७८ च्या कायद्याने बंदी आहे; खालच्यांच्या पैशातून वरच्यांना देणाऱ्या साखळीवर, म्हणजे पिरॅमिडवर, २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनी. परताव्याची हमी देऊन बिननोंदणी ठेवी घेण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर करता येते.

मग कंपनीचा सीआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीचा क्रमांक, मागा. पहिले अक्षर 'यू' म्हणजे शेअर बाजारात नोंद नाही, 'एल' म्हणजे आहे. मध्ये 'पीटीसी' दिसले तर कंपनी प्रायव्हेट. प्रायव्हेट कंपनीला समाजमंदिरात सभा घेऊन शेअर विकताच येत नाहीत. ऑफर तुमच्या नावाने लागते, वर्षात २०० जणांपलीकडे जात नाही, आणि पैसा बँकेतूनच द्यावा लागतो. रोख मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

इथवर कंपनी टिकली, तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फी भरून तिचा ताळेबंद काढा. खरे काम इथेच आहे. एजंट 'आमच्यातून १०० कोटींची खरेदी' सांगतो. ती उलाढाल दुकानांची, कंपनीचे उत्पन्न फक्त कमिशन. तेही कॅशबॅक वजा करून लिहिले आहे की वजा न करता, हे हिशेबाच्या टिपांत सापडते. दुसरे म्हणजे देणे बाकी असलेला कॅशबॅक. दुकान रिटर्नची मुदत संपल्यावर कमिशन पक्के करते, म्हणून गिऱ्हाइकाला थांबावे लागते, ते ठीक. पण देणे वाढत चालले आणि बँकेतली शिल्लक आटत चालली, तर लोकांच्या पैशावर गाडा चालू आहे. ऑडिटरचा शेरा वाचल्याशिवाय तर मी कागद खालीच ठेवत नाही.

कमिशन किती दुकानांकडून येते, हेही विचारा. २०२० च्या एप्रिलात अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचरवरचे कमिशन ८ वरून ३ टक्क्यांवर आणले. एकाच दुकानाच्या भरवशावर बसलेल्याने अशा वेळी काय करावे?

स्वतः अ‍ॅपवरून साधीशी खरेदी करा आणि कॅशबॅक खात्यात मागून पाहा. फक्त व्हाउचरच देतात काय, किमान रकमेची अट किती, हे तिथेच कळते.

एजंट मोठी नावे सांगेल. जपानच्या राकुटेन कंपनीने २०१४ मध्ये अमेरिकेतली ईबेट्स ही कॅशबॅक कंपनी सुमारे १ अब्ज डॉलरला घेतली, हे खरेच आहे. पण अमेरिकेतलीच दुसरी कॅशबॅक कंपनी इबोटा एप्रिल २०२४ मध्ये शेअरला ८८ डॉलर भावाने बाजारात आली आणि वर्षाच्या आत निम्म्याखाली गेली, हे तो सांगणार नाही. तिथे निदान विकायला बाजार तरी होता. आपल्याकडच्या प्रायव्हेट कंपनीचा शेअर विकायचा तर तिच्या नियमावलीत हस्तांतरावर बंधने राहतात. म्हणून सही करायच्या आधी ते कलम मागा, आणि तुमचा शेअर उद्या कोण, कोणत्या भावाने घेईल, हे कंपनीकडून लेखी घ्या.