बझर दाबायची घाई आणि माझे गेलेले दहा मार्क

क्विझमध्ये नव्याने उतरताय ना, मग आधी माझी फजिती ऐका. फायनल होती, मी भूगोलवाली म्हणून मिरवत होते, आणि क्विझमास्तरांनी सुरू केलं, "जगातला सगळ्यात उंच पर्वत..." की मी दाबला बझर. एव्हरेस्ट, 8848.86 मीटर, दशांशासकट सांगितलं. ते हसले आणि प्रश्नाचा उरलेला भाग वाचला, "...पायथ्यापासून शिखरापर्यंत मोजला तर कोणता?" उत्तर मौना केआ, हवाईमधला. तो समुद्राच्या वर 4207 मीटरच दिसतो पण त्याचा पायथा समुद्राच्या तळाशी, सगळा धरला तर 10 हजार मीटरच्या वर जातो. मायनस दहा. आम्ही पाच मार्कांनी हरलो. टीममधलं कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

आता हे नीट समजून घ्या, कारण मला समजायला दोन वर्षं लागली. मला उत्तर येत नव्हतं असं नाही, मौना केआ मी वाचलेला होता! मी पाठ केलं होतं "सगळ्यात उंच = एव्हरेस्ट", आणि "कुठून मोजलं" हा भाग पाठांतरात गळून गेला होता. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट, पायथ्यापासून मौना केआ, आणि पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर तिसराच, इक्वेडोरचा चिंबोराझो. तो फक्त 6263 मीटरचा आहे, पण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे ना, तिथली त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा साधारण 21 किलोमीटरने जास्त, त्यामुळे त्याचं टोक केंद्रापासून सगळ्यात लांब पडतं. म्हणजे प्रश्न दिसायला एक, उत्तरं तीन.

आणि हे फक्त डोंगरांचं नाही. सगळ्यात मोठं वाळवंट सहारा? उष्ण म्हटलं तरच. वाळवंट ठरतं ते पाऊस-बर्फ किती कमी पडतं त्यावर, वाळूवर नाही, म्हणून नुसतं वाळवंट विचारलं तर अंटार्क्टिका. सगळ्यात वेगवान प्राणी चित्ता, पण जमिनीवर. बहिरी ससाणा शिकारीवर सूर मारतो तेव्हा ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो. टीव्हीचा शोध बेअर्डने लावला असं आपण घोकतो, तर 1926 ला त्याने दाखवला तो फिरत्या चकतीवर चालणारा यांत्रिक टीव्ही, आणि पूर्ण इलेक्ट्रॉनिक म्हटलं की 1927 चा फार्न्सवर्थ येतो.

म्हणून ते "5000 वन-लायनर" वाले पीडीएफ, माझं स्पष्ट मत आहे, डिलीट करा. त्यात नेमकी अटच कापलेली असते. आणि "माझ्या नोट्स घ्या, बाकी काही वाचू नका" म्हणणारे जे सिनियर असतात त्यांच्यापासून लांबच राहा, मी एकाचं ऐकलं होतं, त्याच्या नोट्समध्ये कोआला अस्वलांच्या यादीत होता (पिशवीवाला प्राणी आहे तो, कांगारूच्या गोतातला). त्यापेक्षा एक चांगला अ‍ॅटलास घ्या आणि उगाच चाळत बसा.

पण घाबरू नका हं. एवढं सगळं वाचून वाटेल की आपल्याला कधी जमणार, तर जमतं, कारण एकदा ही खोड लागली की नावाला फसत नाही माणूस. ऑक्टोबर क्रांती म्हटलं की आपोआप डोक्यात येतं, कुठल्या कॅलेंडरने? रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं, आजच्या हिशोबाने ती 7 नोव्हेंबर 1917. कॅनरी बेटांना पक्ष्याचं नाव दिलं असं वाटतं, उलटं आहे, पक्ष्याला बेटांचं नाव मिळालं, आणि बेटांचं नाव लॅटिनमधल्या कुत्र्याच्या शब्दावरून आलं असं मानतात. शब्दांचे प्रश्न मला त्यामुळेच आवडायला लागले, चावी आणि पगार पोर्तुगीजांकडून आले हे कळल्यावर मी आठवडाभर घरच्यांचं डोकं खाल्लं होतं.

सराव एकच करा, उत्तराच्या शेजारी अट लिहा. वहीत दोन रकाने, बास. आणि प्रश्नात "तर", "पण", "वगळता" येईपर्यंत बोट बझरवर ठेवूच नका, मांडीवर ठेवा.

मी तर आता इतकी थांबते की परवा वेगळीच गंमत झाली. शंभर वर्षांचं युद्ध किती वर्षं चाललं, असा प्रश्न. शंभर नाही हे माहीत होतं, 1337 ते 1453 हेही माहीत होतं, शांतपणे पूर्ण प्रश्न ऐकून बझर दाबला आणि मग वजाबाकी करत बसले. 116 तोंडातून निघेपर्यंत वेळ संपली होती. तर वहीत तेवढी वजाबाकीही आधीच करून ठेवा.