गादीवर अंथरायचं घोंगडं
आटपाडीच्या उन्हाळ्यात फोमच्या गादीवर माझी पाठ घामानं चिंब व्हायची. सासूबाईंनी गादीवर घोंगडं अंथरलं, तेव्हा कुठं नीट झोप लागली. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओलावा शोषते, तरी हाताला ओली लागत नाही.

घेताना दोन धागे ओढून जाळून बघाच. लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो, राख बोटानं चुरडते. ॲक्रिलिकचा, म्हणजे नकली लोकरीचा धागा वितळून टणक मणी होतो. मग घोंगडं उजेडासमोर धरा, वीण दाट हवी. नवं घोंगडं ताठ लागतं, ती चिंचोक्याची खळ. वापरून मऊ पडतं, त्यासाठी नाकारू नका. दख्खनी मेंढीची लोकर भरड, टोचणारच. वर जुनी सुती साडी घाला, आमच्याकडं तशीच असते.

धुण्याची घाई नको. गरम पाणी आणि मशीन तर नाहीच. माझ्या जावेचं घोंगडं असंच आटून पाळण्याएवढं झालं, फार हळहळलो आम्ही. पंधरवड्यातून उन्हात टाका, काठीनं झटका. काही सांडलं तर लगेच टिपा. ठेवून द्यायचं असेल तर कडकडीत वाळवून, घडीत वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून सुती कापडात बांधा. पावसाळ्यात अधूनमधून घडी उलगडा, कसर लागते ती घडीच्या आतच.